बाळासकट हॉटेलात

तान्हं मूल घेऊन हॉटेलात जेवायला जायचं, हा प्रकार आमच्या पिढीला ठाऊकच नव्हता. मुळात हॉटेलात जाणं वर्षातून तीन-चारदा. पाहुणे आले, कुणाचा निकाल लागला, की सांगलीत मसाला डोसा नाहीतर भेळ. बाळ असलं तर ते घरी आजीजवळ, आणि आजी नसेल तर बाळाची आईच घरी. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आईलाही नाही. निदान तसं ती बोलून दाखवत नसे.

१९८८ साली माझी धाकटी झाली तेव्हा मला शाळेतून तीन महिन्यांची रजा मिळाली होती. त्यातले पहिले चाळीस दिवस मी माहेरी एका खोलीत काढले. शेक-शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला रुमाल. त्या बाळंतिणीच्या खोलीवर आजकाल पुष्कळ टीका होते आणि त्यातली बरीचशी खरीही आहे. बंद खिडक्या आणि कोळशाचा धूर ह्यांचं समर्थन मी तरी करणार नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. त्या चाळीस दिवसांत मी एकदाही गार जेवले नाही. ताट पुढ्यात यायचं, भाताला वाफ असायची, आणि बाळ रडलं तर आई नाहीतर काकू त्याला उचलून न्यायची. "तू उठू नकोस, आधी जेव," हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा ऐकलं असेल!

तर आता लेकीबद्दल. (तिचं आणि नातीचं नाव इथे लिहायचं नाही आणि फोटो तर अजिबात टाकायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. बाकी काय लिहिणार ते तिला वाचून दाखवलं आहे, आणि "लिही" असं तीच म्हणाली आहे.)

लेक-जावई होबोकनला राहतात. न्यू जर्सी राज्यात, हडसन नदीच्या काठाला. पलीकडच्या काठावर मॅनहॅटनच्या इमारती. गाव जेमतेम एक-दीड चौरस मैलाचं, म्हणजे आपल्याकडची एखादी पेठच म्हणा ना. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जाता येतं, म्हणून मला ते आवडलं. अमेरिकेत गाडीशिवाय आजी म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. इथे तसं नाही. फुटपाथवर बाबागाड्या इतक्या, की आपणच बाजूला व्हावं.

नात नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. नेमकं त्याच सुमाराला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे बाळंतपणाला विहीणबाई गेल्या. त्यांनी दोन महिने सगळं मनापासून केलं. मी पोचले ती एप्रिल २०२४ मध्ये, बाळ पाच महिन्यांचं असताना. फोनवर रोज दिसणारी लेक आणि दारात उभी असलेली लेक ह्यांत इतकं अंतर असेल असं मला वाटलं नव्हतं. बोलायची नीट, हसायचीही. पण तिचं हसू वर्गात इन्स्पेक्शनला साहेब आल्यावर पोरं हसतात ना, तसलं. जेवायची उभ्याउभ्या, ओट्यापाशी, गार झालेलं. बाळ झोपलेलं असलं तरी उभीच.

तिची रजा केव्हाच संपली होती. अमेरिकेतला १९९३ चा केंद्राचा कायदा मोठ्या आस्थापनांमध्ये बारा आठवड्यांची रजा देतो, आणि तीही बिनपगारी. न्यू जर्सी राज्याची स्वतःची विमा योजना आहे, म्हणून हिला त्या काळात थोडे पैसे तरी मिळाले. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. (नियम कागदावर आहे, मिळते किती जणींना हा वेगळा विषय. शेतात आणि बांधकामावर राबणारीला कोण देतो रजा?)

बाळाच्या डॉक्टरांकडे गेलं की तिथे आईच्या हातात एक कागद देतात. दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं, ह्याबद्दलचे. एडिंबरा मापन म्हणतात त्याला, १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेलं. उत्तरांना गुण असतात आणि बेरीज जास्त आली तर पुढे विचारपूस होते. मला ह्या गोष्टीचं फार नवल वाटलं. बाळाला तपासायला न्यायचं आणि प्रश्न आईला! आमच्या वेळी "बाळ-बाळंतीण सुखरूप" एवढी एक ओळ पोस्टकार्डावर लिहिली की संपलं. ती सुखरूप आहे की नाही हे तिला कुणी विचारत नसे. चाळीस वर्षं मुलांना मार्क दिले मी, पण कमी मार्क पडावेत म्हणून कुणासाठी देवाजवळ बसले असेन तर ती ह्याच परीक्षेला.

लेकीची बेरीज जास्त आली होती. औषध सुरू झालं, आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंशी बोलणं सुरू झालं. त्या बाईंनीच सांगितलं, की आठवड्यातून एक जेवण घराबाहेर घ्या. टेबलाशी बसून. चालत जाता येईल अशा ठिकाणी, म्हणजे नको वाटलं तर उठून परत येता येईल.

हे ऐकून लेक घाबरलीच. कारण तिच्या डोक्यात एक बातमी बसली होती. न्यू जर्सीतल्याच टिंटन फॉल्स नावाच्या गावात एका इटालियन हॉटेलाने २०२३ साली जाहीर केलं होतं, की दहा वर्षांखालची मुलं आत घेणार नाही. त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. हजारो लोकांनी मालकाची बाजू घेतली. पोरं पळतात, ओरडतात, आईबाप फोनमध्ये डोकं घालून बसतात, वगैरे. त्या वेळी लेकीला मूलही नव्हतं. पण वाचलेलं राहतं मनात. "आई, माझी पोरगी रडली तर सगळे माझ्याकडे बघतील," हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

जावई नागपूरचे, शांत माणूस. ते म्हणाले, "आई, कोपऱ्यावर ते इटालियन आहे ना, तिथे पावणेपाचला कुणीच नसतं. आपण कावळेसुद्धा जेवत नाहीत अशा वेळी जाऊ." आणि मंगळवार ठरला, कारण मंगळवारी गर्दी सगळ्यात कमी.

हॉटेल म्हणजे दहा-बारा टेबलं. पांढरे टेबलक्लॉथ आणि त्यावर कागद अंथरलेला. भिंतीवर जुने फोटो, त्यांत फ्रँक सिनात्रा असणारच, कारण तो होबोकनचा, १९१५ साली इथेच जन्मलेला. दारू विकायचा परवाना नाही. त्या राज्यात गावाच्या लोकसंख्येच्या हिशोबाने परवाने मोजून देतात, ते भयंकर महाग पडतात, म्हणून पुष्कळ छोटी हॉटेलं "आपली बाटली आपण आणा" अशा पद्धतीची असतात. लोक कागदी पिशवीतून वाइन घेऊन येतात. आम्हीही बाटली घेऊन गेलो, दुधाची. शिवाय माझ्या पिशवीत थर्मासमध्ये मूगडाळ-तांदळाचं खिमट, दोन लाळेरी, वाटी, चांदीचा चमचा. सहा महिने झाल्यामुळे वरचं अन्न नुकतंच सुरू केलं होतं.

पहिल्या मंगळवारी आम्ही अकरा मिनिटं बसलो. पाव आला, ऑलिव्हचं तेल आलं, आणि बाळाने जो सूर लावला! खरं सांगते, ते रडणं काही मोठं नव्हतं. घरी आम्ही त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण लेकीचा चेहरा पांढरा पडला. खिडकीपाशी एकच आजोबा बसले होते, त्यांनी वेटरला बोलावून आतलं टेबल मागितलं. मला त्यांचा राग आला नाही. माणूस एकटा, सुपाची बशी पुढ्यात, शांतपणे जेवायला आलेला. त्याचाही हक्कच आहे. पण लेकीने ते पाहिलं आणि ती उठली. जेवण डब्यांत बांधून घरी आलं आणि ओट्यापाशी उभ्याने खाल्लं गेलं.

दुसऱ्या मंगळवारी ती येणारच नव्हती. जावयांनी काही आग्रह केला नाही, नुसते बूट घालून बाळाला गाडीत ठेवून दाराशी उभे राहिले. आली.

त्या दिवशी स्वयंपाकघरातून एक म्हातारी बाहेर आली. मालकाची आई. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल, काळा झगा, केस पांढरे स्वच्छ बांधलेले, हाताला पीठ. बाळ कुरकुरायला लागलं होतं आणि लेक पुन्हा अर्धी उठली होती. म्हातारीने बाळाला हात लावला नाही. ती लेकीसमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "ती काय खाते?" मग माझ्याकडे बोट करून, "नोन्ना?"

नोन्ना म्हणजे आजी. आपल्या नानीसारखंच की! मी म्हटलं, यस, नोन्ना.

थोड्या वेळाने ती एक वाटी घेऊन आली. आत पास्तिना, म्हणजे चिमुकला पास्ता, चांदण्यांच्या आकाराचा. इटालियन घरांत बाळाला आणि आजाऱ्याला हेच देतात, आपल्याकडे जसा मऊ भात. (२०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने पास्तिना बनवणं बंद करणार असं जाहीर केलं, तेव्हा मोठमोठी माणसं अक्षरशः हळहळली होती, असं जावयांनी सांगितलं. उद्या इथे कुणी मेतकूट बंद केलं तर मीही मोर्चा काढीन.) लेकीने लगेच विचारलं, मीठ आहे का? वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ, साखर, मध काहीही द्यायचं नाही हे तिचं पक्कं आणि बरोबर आहे, मधाचं तर फारच. म्हातारी म्हणाली, साध्या पाण्यात उकडलंय, वर दोन थेंब तेल. मी आधी विचारलं नसतं का?

लेक खाली बसली. नातीने पहिला घास तोंडात घेतला, विचार केला, अर्धा लाळेऱ्यावर काढला आणि पुन्हा आ केला. माझं खिमट थर्मासमध्येच राहिलं. थोडं वाईट वाटलं, पण ते असो.

मी स्वतः काय खायचं हा प्रश्न होताच. शाकाहारी माणसाला इटालियन हॉटेलात काही अडचण नाही असं वाटतं, पण खऱ्या पार्मेझान चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं. म्हणून मी आल्यो ए ओल्यो घ्यायचे. नाव मोठं, पण पदार्थ म्हणजे तेलात लसूण आणि सुकी मिरची तळून त्यात शेवया परतायच्या. लसणीची फोडणीच ती. लेक न्योक्की मागवायची, बटाट्याचे छोटे मुटके, लाल टोमॅटोच्या रसात. मी इतिहास शिकवलेला, त्यामुळे राहवत नाही म्हणून सांगते. बटाटा, टोमॅटो, मिरची, तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. तिथून स्पॅनिश लोकांनी युरोपात नेले, आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. तिची न्योक्की आणि माझा झणझणीत रस्सा, दोघांचंही आजोळ एकच. आणि १८८० ते १९२० ह्या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं, बहुतेक दक्षिणेकडची गरीब, ह्या देशात आली ती पोटासाठी. हा लाल रसाचा आणि भल्या मोठ्या ताटांचा स्वयंपाक त्यांनी इथे येऊन वाढवला. तिकडे त्यांना मांस सणासुदीलाच मिळायचं.

म्हातारी मात्र त्या लाटेतली नव्हे, बरीच नंतरची. मोल्फेत्ता नावाच्या गावची. इटलीच्या बुटाच्या टाचेकडे, बारी शहराजवळ, समुद्राकाठी. होबोकनमध्ये मोल्फेत्ताची पुष्कळ घराणी आहेत, सप्टेंबरात त्यांच्या मादोन्नाची मिरवणूकही निघते. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं फार छान जमलं. ज्यांना इंग्रजी चांगलं येतं त्यांच्याशी बोलताना मला उगाच परीक्षेला बसल्यासारखं होतं.

जूनमधला एक मंगळवार. ती कणकेचा गोळा आणि सुरी घेऊन आमच्याच टेबलाशी येऊन बसली. रवा आणि पाणी, बाकी काही नाही. लांब वळी करायची, बोराएवढा तुकडा कापायचा, सुरीने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. छोटासा कान तयार! ओरेक्किएत्ते म्हणतात, अर्थही तोच, चिमुकले कान. बारीच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून हे करतात. मी थोडा वेळ बघितलं आणि म्हटलं, द्या इकडे. चिमूटभर पीठ घेतलं, दोन बोटांत फिरवलं आणि गव्हला टाकला कागदावर. मग आणखी एक. मग नखावर दाबून नखुला. लग्नाच्या आधी आमच्या आईच्या वाड्यात पंधरा-पंधरा बायका बसून गव्हले, नखुले, मालत्या करायच्या, बोटांना अजून ते आठवतं हे मलाच माहीत नव्हतं. म्हातारीने एक गव्हला उचलून चष्म्याजवळ धरला आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही, पण वर्गात एखाद्या पोराने अवघड गणित सोडवल्यावर मी जे म्हणायचे तेच असावं.

नात खुर्चीत बसून आमच्या हातांकडे डोळे विस्फारून बघत होती. चार आजीहात, नुसते हलताहेत, हलताहेत. वीस-पंचवीस मिनिटं तरी तिने हूं का चूं केलं नाही. आमचं आपलं चालू. मध्ये सहज मान वर करून लेकीकडे बघितलं, तर ती जेवत होती. दोन्ही हातांनी. पावाचा तुकडा मोडून बशीतला लाल रस पुसून घेत होती. (ह्याला ते लोक स्कार्पेत्ता म्हणतात, म्हणजे छोटा बूट. ताट पुसून खाणं त्यांच्यातही कौतुकाचं.) तिच्या हनुवटीला रस लागला होता. जावयांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा आपल्या बशीकडे बघायला लागले. मीही काही बोलले नाही. आणखी दहा गव्हले केले.

पास्ता खाऊन ती बरी झाली, असं मी मुळीच म्हणणार नाही. ह्या आजारात गोळ्या बंद करून घरगुती उपाय सांगणाऱ्या बायका आपल्यात कमी नाहीत, त्यांना हे वाचून हुरूप यायला नको. गोळ्यांनी फरक पडला, त्या समुपदेशक बाईंनी पडला, जावयांनी रात्रीची पाळी स्वतःकडे घेतली त्याने तर फारच पडला. सलग पाच तास झोप मिळाली की माणसाचं जग बदलतं. मधे वाईट आठवडेही आले. एका मंगळवारी ती दारापर्यंत येऊन परत फिरली. पण ऑगस्टमध्ये पुन्हा तोच दहा प्रश्नांचा कागद भरला तेव्हा बेरीज निम्म्याहून खाली आली होती.

जुलैच्या अखेरीला तिथे सेंट अ‍ॅनची जत्रा असते, शंभराहून जास्त वर्षं चालत आलेली. बायका मोठ्या कढयांत झेपोले तळतात, मैद्याचे फुगलेले गोळे, वर पिठीसाखर. सेंट अ‍ॅन म्हणजे मेरीची आई, येशूची आजी. आजीची जत्रा! मला फार आवडलं हे. शाळेत माझ्याबरोबर गोव्याच्या एक बाई होत्या, त्या सांगायच्या की तळावलीच्या सांत आनाला जोडपी काकडी वाहून मूल मागतात, त्याला तवशांचं फेस्तच म्हणतात. ती हीच आजी. गर्दीत, बँडच्या दणदणाटात, आमची नात बाबागाडीत गाढ झोपली होती आणि लेक हातात कागदी पिशवी धरून गरमगरम झेपोले खात, तोंडाला साखर लावून उभी होती. उभ्यानेच, पण ते वेगळं.

मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले. एकूण पंधरा मंगळवार झाले आमचे. त्यातल्या शेवटच्या चार वेळा टेबल सांगायचा फोन लेकीने केला होता. सुपाच्या आजोबांनी मात्र आतलं टेबल कायमचं धरलं आहे. जाता-येता ते नातीला टोपी उंचावतात, पण लांबूनच.

आता इकडे बुधवारी सकाळी उठले की फोन बघते. त्यांचं मंगळवारचं जेवण म्हणजे आमची उत्तररात्र. नात आता पावणेदोन वर्षांची झाली आहे, सगळं मीठ-मसाल्याचं खाते आणि म्हातारीलाही नोन्नाच म्हणते. गेल्या आठवड्यात तिने निरोप पाठवला आहे, की ते गव्हाच्या दाण्यासारखं काय केलं होतंस ते पाठव, सुपात घालून बघायचं आहे. मी उन्हात वाळवून पाव किलो करून ठेवले आहेत. आपल्यापैकी कुणी दिवाळीच्या आधी न्यू जर्सीकडे जाणार असेल तर कळवा. एकच डबा आहे, जड नाही.